घर चाकांवर, पत्ता कुठं?

मैत्रिणींनो, चाकांवरचं घर पाहिलंय का तुम्ही? प्रत्यक्षात नसेल, पण मोबाईलवर नक्की पाहिलं असेल. एका मोठ्या गाडीत पलंग, ओटा, शेगडी, छोटासा फ्रीज, पाण्याची टाकी, संडास-न्हाणी, सगळं कसं बेतशीर बसवलेलं. खिडक्यांना पडदे, दाराशी कुंडी. नवरा-बायको त्यातच राहतात आणि त्यातच बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतात. आज डोंगराच्या कुशीत, उद्या समुद्राकाठी. याला कुणी मोटरहोम म्हणतं, कुणी कॅरॅव्हॅन. करोनाच्या काळात ऑफिसं घरात आली आणि काही जणांच्या मनात आलं, की काम कुठूनही होतंय तर घर तरी एका जागी कशाला?

आमच्या भिशीत हा विषय निघाला तेव्हा निम्म्या जणी हरखल्या. "झाडायला दोनच फरश्या!" एक म्हणाली. "आणि पाहुण्यांना बसवायला जागाच नाही, म्हणजे ते येणारच नाहीत," दुसरीनं पुस्ती जोडली. हसून झाल्यावर खरे प्रश्न सुरू झाले. पाणी कुठं भरायचं? संडासाची टाकी कुठं रिकामी करायची? रात्री गाडी लावायची कुठं, तिथं बाईमाणसाला भीती नाही ना? पोरांची शाळा? सिलिंडर कुठल्या पत्त्यावर येणार? पुरुष गाडीचं इंजिन विचारतात, आपण मोरी विचारतो. आणि घर चालतं ते मोरीवर, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

हे प्रश्न सरकारलाही पडले. महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. केरळनंही त्याच वर्षी असं धोरण आखलं. आपल्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. गाड्या मुक्कामाला थांबतील अशी जागा, तिथं पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह. असे पार्क उभारणाऱ्यांना मुद्रांक शुल्कात, वीज शुल्कात सवलती, जीएसटीचा परतावा. पुढे २०२३ साली 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो, आणि व्यवसायांच्या यादीत कॅरॅव्हॅनही आहे. आपल्या कर्जत-खालापूरसारख्या, मुंबई आणि पुण्याच्या मधोमध असलेल्या तालुक्यांतल्या एखाद्या धडपड्या बाईनं याचा जरूर विचार करावा. माझा त्याला मुळीच विरोध नाही. उलट, मुक्काम हलणाऱ्या माणसालाही पाणी, वीज आणि संडास लागतो, हे सरकारनं कागदावर लिहून मान्य केलं याचं मला कौतुकच वाटतं. पुढे जे लिहिणार आहे त्यात हे वाक्य मला पुन्हा लागणार आहे.

पण कायमचं चाकांवर राहणं म्हणजे नेहमी हौसच असते असं नाही. अमेरिकेत २००८च्या मंदीनंतर अनेकांची घरं गेली, साठवलेली पुंजी गेली. त्यातली बरीच माणसं, त्यांत साठी ओलांडलेल्या एकट्या बायकाही खूप, जुन्या व्हॅनमध्ये राहायला लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईनं या लोकांबरोबर फिरून 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, ते २०१७ साली आलं. त्यावरच्या त्याच नावाच्या सिनेमाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ही माणसं काय काम करतात? हंगामी. सणासुदीच्या आधी ॲमेझॉनच्या गोदामात, बीटाच्या काढणीला शेतावर, उन्हाळ्यात तंबूंच्या मैदानांची देखभाल. जिथं हंगाम तिथं घर. वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे तर आपल्याकडचंच चित्र आहे, फक्त गाडी वेगळी.

तिथली एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी. गाडीत राहिलं तरी लायसन्सला, बँकेला, विम्याला, टपालाला पत्ता लागतोच. मग हे लोक काय करतात? साउथ डकोटा नावाच्या राज्यात जातात. तिथं एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून आणि प्रतिज्ञापत्र देऊन कायम फिरतीवर असलेल्या माणसाला वाहन परवाना काढता येतो. तिथल्या काही कंपन्या पत्ता देतात आणि आलेलं टपाल पुढे पाठवतात. म्हणजे घर फिरतं, पण पत्ता एका जागी उभा असतो.

तेव्हा चाकांवरचं घर चालायला दोन गोष्टी लागतात. जिथं थांबाल तिथं सोयी, आणि जिथून निघालात तिथं तुमच्या नावाची शाबूत नोंद. ही दोन मापं हातात घेऊन आता आपल्या तालुक्यात येऊ या.

खालापूरच्या टोलनाक्याजवळून, खोपोलीच्या बाजूनं जाताना ट्रकांच्या रांगा आपण रोज बघतो. ड्रायव्हरच्या सीटमागची ती फळी म्हणजे कित्येक पुरुषांची झोपायची खोली. महिन्यातले बरेच दिवस तो माणूस त्या केबिनमध्ये राहतो, जेवतो, काम करतो. मोटारीवर काम करणाऱ्यांना दिवसाला आठ तास ही मर्यादा १९६१च्या कायद्यापासून आहे, पण हायवेवर ती कोण मोजतो? केबिनच्या उकाड्याबद्दल मात्र एक चांगला निर्णय झाला. २०२५ साली साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. झोप न झालेला, उकडून निघालेला ड्रायव्हर स्वतःलाही धोका आणि दुसऱ्यालाही, हे इतक्या वर्षांनी का होईना, पटलं.

या केबिनमध्ये बाई असेल तर? योगिता रघुवंशी यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नंदुरबारला वाढलेल्या, वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतलेल्या. नवरा गेल्यावर दोन मुलांसाठी त्यांनी भोपाळहून ट्रक चालवायला सुरुवात केली आणि देशभर माल पोचवला. बाई ट्रक चालवू शकते का, हा प्रश्न त्यांनी केव्हाच निकालात काढला. उरतो तो आपला जुनाच प्रश्न. ट्रक थांबतात तिथं बाईसाठी स्वच्छ, दिवा असलेला, आतून कडी लागणारा संडास आहे का?

तरीही ट्रकवाल्याचं एक बरं असतं. त्याच्या मागे कुणीतरी घर धरून बसलेलं असतं. गावात बायको असते. रेशन तिच्या कार्डावर निघतं, पोरं गावच्या शाळेत जातात, मतदार यादीत नाव असतं, ग्रामसेवक ओळखतो. नवऱ्याचा पत्ता म्हणजे खरं तर बायको असते! पण ज्या कामाला नवरा, बायको, लेकरं, म्हातारी, कोंबड्या सगळीच एकदम निघतात, आणि मागे फक्त कुलूप राहतं, त्यांचं काय?

पावसाच्या तोंडावर कर्जतच्या बाजारात शेवळं घेऊन कातकरी बायका बसतात. सोबत आंबूस काकडं. अशाच एकीशी बोलता बोलता मी सहज विचारलं, "घर कुठं गं तुझं, मावशी?"

"पावसात वाडीवर, ताई. दिवाळी झाली की भट्टीवर."

"कुठल्या भट्टीवर?"

"शेठ नेल तिथं."

पत्ता विचारला की आपण गाव, गल्ली, नंबर सांगतो. तिचा पत्ता ऋतूवर आणि शेठवर अवलंबून. चाकांवरचं घर म्हणतात ते आपल्याकडे हे आहे. दिवाळीनंतर वाडीवर टेम्पो येतो. त्यात हंडे, चूल पेटवायची लाकडं, गोधड्या, कोंबड्यांची डालगी आणि वर माणसं. वीटभट्टीवर पोचलं की कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून खोपट उभं करायचं. ठाण्याकडे त्याला भोंगा म्हणतात. पावसाआधी परत निघताना ते मोडायचं. दरवर्षी नवं घर, दरवर्षी मोडलेलं. काही कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती तर महाराष्ट्राबाहेर कर्नाटकापर्यंत.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११च्या जनगणनेत राज्यात सुमारे २ लाख ८५ हजार कातकरी मोजले गेले. रायगड हा त्यांचा मोठा जिल्हा. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढायचे म्हणून कातकरी. जंगल गेलं, कात गेला, आणि माणसं भट्टीवर गेली.

भट्टीचं काम कसं चालतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामाआधी कुटुंबाला उचल मिळते, बहुधा पावसाळ्यात, घरात धान्य संपलेलं असतं तेव्हा. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, त्यात ती संपते. मग ती फेडायला सगळं घर भट्टीवर. मजुरी हजार विटांमागे ठरते. माती भिजवायची, चिखल तुडवायचा, साच्यात घालून विटा पाडायच्या, वाळवायच्या, उचलून रचायच्या. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून पहाटेच्या काळोखात सुरुवात. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. हिशोबाची वही शेठकडे. मजुरी जोडप्याची म्हणून धरतात, आणि पैसे व्यवहारात पुरुषाच्या हातात पडतात. रात्री दोनला उठून चिखल तुडवणाऱ्या बाईच्या नावावर त्या वहीत वेगळी ओळसुद्धा नसते.

भट्टीवाल्यांची बाजू मी विसरलेले नाही. आपल्याकडचे पुष्कळ भट्टीवाले काही धनदांडगे नाहीत. अवकाळी पावसाची एक सर आली की वाळत घातलेल्या हजारो कच्च्या विटांचा चिखल होतो. उचल घेऊन माणसं आलीच नाहीत तर तीही बुडते. कोळसा महाग, तूस महाग. हे सगळं खरं. पण धंद्याची जोखीम एका वहीतून मजुराच्या पुढच्या वर्षावर लिहून ठेवायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवायला १९७६ पासून कायद्यानं बंदी आहे. ते कर्ज कायद्याच्या लेखी फेडायचंच नसतं, हे किती जणींना माहीत आहे?

आता ती दोन मापं लावून बघू. पहिलं माप, थांबाल तिथं सोयी. कॅरॅव्हॅन पार्कला पाणी, वीज, स्वच्छतागृह हवं असं धोरण सांगतं. वीटभट्टीच्या खोपटांना? पाणी विटांसाठी आणलेलं असतं, त्यातलंच प्यायचं. संडास म्हणजे बांधापलीकडचा आडोसा, तोही अंधार असेपर्यंत. त्याचा बाईच्या शरीरावर काय परिणाम होतो हे आपण ऊसतोडीत पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत आडोसा नाही, आजारपणाचा खाडा परवडत नाही, मग "ती कटकटच नको" असा सल्ला पटतो. फिरत्या घरातल्या गैरसोयी बाईच्या अंगावर अशा निघतात.

पाळणाघराचं बघा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात पन्नासपेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असं आहे. आपल्याकडच्या छोट्या भट्टीवर आठ-दहा कुटुंबं. म्हणजे बाळ विटांच्या सावलीत, साडीच्या झोळीत. याच संहितेत स्थलांतरित कामगारांसाठी प्रवासभत्ता, रेशन कुठल्याही राज्यात घेण्याची मुभा अशा गोष्टी आहेत, पण त्या 'आंतरराज्य' स्थलांतरितांसाठी. खालापूरची बाई कोळसा पाडायला कर्नाटकात गेली तर ती या व्याख्येत बसू शकते. भिवंडीच्या भट्टीवर गेली तर तिनं राज्याची हद्द ओलांडलेलीच नाही! ओझं तेवढंच, लेकरू तेवढंच, पण कायद्याच्या डोळ्याला ती दिसत नाही.

कुणी म्हणेल, तात्पुरत्या वस्तीला एवढ्या सोयी कशा देणार? याचं उत्तर खालापुरातच आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. जे वाचले त्यांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं. पत्र्याची घरं, पण वीज, पाणी, संडास यांची सोय काही दिवसांत उभी राहिली. पुढे सिडकोनं त्यांच्यासाठी ४४ पक्की घरं बांधली. पत्र्याच्या पेटीत संसार करणं सोपं नव्हतं, उकाड्यानं माणसं हैराण होत होती, आणि त्यांचं दुःख कुठल्याही सोयीनं भरून येणारं नाही. मला एवढंच म्हणायचंय, की मनात आणलं तर प्रशासन मोकळ्या जागेवर काही दिवसांत राहण्याजोगी वस्ती उभी करू शकतं. भट्टीचा हंगाम तर सात-आठ महिन्यांचा, आणि दरवर्षी कधी सुरू होणार हे आधीच ठाऊक असलेला.

दुसरं माप, मागे शाबूत राहणारी नोंद. इथं गंमत अशी, की कातकऱ्यांची मागची जागासुद्धा पक्की नसते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांबरोबर काम करून २०१३ साली 'फायटिंग इव्हिक्शन' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या अनेक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि जमिनीचे भाव चढले तसं तिथून उठवलं जाण्याचं भय वाढलं, हा त्याचा विषय. कर्जतला फार्महाऊस वाढली ती आपल्या डोळ्यांदेखत. त्यांच्या भिंतींना विटा कुणी पाडल्या, हा प्रश्न घरभरणीला कुणी विचारत नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ला पंतप्रधानांनी आदिम जमातींसाठी 'पीएम-जनमन' मोहीम सुरू केली. त्यात पक्क्या घरासाठी २ लाख ३९ हजार रुपये, रस्ता, पाणी, वीज, आणि दुर्गम वाड्यांसाठी फिरते दवाखाने. योजना चांगली आहे. पण घर बांधलं आणि काम मात्र भट्टीवरच राहिलं, तर त्या घराला वर्षातले सात-आठ महिने कुलूपच. दवाखान्याची गाडी वाडीवर येईल तेव्हा तिथं राहिलेल्या म्हाताऱ्या तपासून परत जाईल. गाडीला चाकं आहेत ना? मग हंगामात ती भट्टीकडे वळवायला काय हरकत आहे?

यात आता जनगणनेची भर पडते आहे. लांबलेल्या जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा, तो २०२६ सालचा. माणसं मोजायचा दुसरा टप्पा ठरलेल्या वेळापत्रकानुसार फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७ची मध्यरात्र. फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. वाडीवर कुलूप असेल. कुटुंब भट्टीवर मोजलं जाईल, आणि ती भट्टी दुसऱ्या तालुक्यात, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात असेल. खोपट गणकाच्या नजरेतून सुटलं तर कुठंच नाही. मग कर्जतच्या त्या वाडीत माणसं किती, अंगणवाडी हवी की नको, शाळेला शिक्षक किती, हे त्या आकड्यांवरून ठरणार. तेव्हा फेब्रुवारीत वाडीवर जाताना सोबत भट्ट्यांचीही यादी हवी, हे तहसील कार्यालयाला आधीच सांगायला हवं.

मग करायचं काय? सगळं सरकारवर टाकून आपण मोकळ्या होऊ नये, कारण ही पुरवणी वाचणाऱ्यांत अंगणवाडी सेविका आहेत, शिक्षिका आहेत, बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत, आणि भट्टीवाल्यांच्या घरच्या लक्ष्म्याही आहेत.

रेशनचं बघा. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत धान्य कुठल्याही दुकानातून मिळतं. सुरुवातीच्या, म्हणजे २०१९च्या राज्यांत महाराष्ट्र होता. एकाच कार्डावर काही धान्य गावी राहिलेल्या म्हातारीनं आणि काही भट्टीजवळ सुनेनं घेता येतं. पण भट्टीवरच्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि कार्ड कधी कधी घरात नसून गहाण पडलेलं असतं. निघण्याआधी कार्ड आणि आधार हातात आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं.

अंगणवाडीसाठी महिला व बालविकास विभागानं २०२२ साली स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणाली आणली. गरोदर बाई, स्तनदा माता, लहान मूल गाव सोडून गेलं की नोंद पुढच्या अंगणवाडीकडे जावी आणि आहार, लसीकरण तुटू नये. इथल्या सेविकेनं निघताना नोंद केली आणि तिथल्या सेविकेनं भट्टीवर चक्कर मारली तरच ती साखळी जुळते. सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला माहीत आहे. म्हणून ग्रामपंचायतीनं त्यांना भट्ट्यांची यादी तरी करून द्यावी.

शाळेसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. आणि शाळा लांब असेल तर शाळेनं भट्टीवर जावं. हे स्वप्नरंजन नाही. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या होत्या. मुलं जिथं, शाळा तिथं, इतका साधा विचार.

उचलीचं मूळ मात्र पावसाळ्यातल्या रिकाम्या डब्यात आहे. म्हणून गावात वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळणं याला पर्याय नाही. रोजगार हमी ही तर महाराष्ट्रानं देशाला दिलेली कल्पना. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या नव्या कायद्यात १२५ दिवस कामाची हमी आहे. ते दिवस कातकरी वाडीला खरंच मिळतात का, हे ग्रामसभेत दिवाळीआधी विचारायचं. टेम्पो निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही. बचत गटांनीही पावसाळ्यात दोन-तीन हजारांचं छोटं कर्ज या बायकांना दिलं, तर शेठच्या वहीतला आकडा तेवढाच कमी होईल.

आणि भट्टीवाल्यांच्या घरच्या मैत्रिणींना एक विनंती. यंदा हंगाम सुरू होताना दोन संडास, पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी, रात्री एक दिवा आणि वहीत बाईच्या नावाची वेगळी ओळ, एवढं आपल्या माणसांकडून करून घ्या. तुमच्या शब्दाला घरात वजन आहे.

कॅरॅव्हॅनमधून येणाऱ्या पाहुण्यांचं आपण स्वागत करू. त्यांच्यासाठी पार्क झाले तर चार बायकांच्या हाताला काम मिळेल. पण पार्क मंजूर होताना त्याच ग्रामसभेत दुसरा ठरावही यावा, की गावाच्या हद्दीतल्या प्रत्येक भट्टीवर पाणी आणि संडास असल्याशिवाय ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळणार नाही. दिवाळीआधीच्या ग्रामसभेला आपण बायकांनी एकटं-दुकटं न जाता दहा-बारा जणींनी मिळून जावं, आणि कातकरी वाडीवरच्या दोघी-तिघींना सोबत घेऊन जावं. त्यांच्या वाडीचं त्या स्वतःच बोलतील.